हे चालतात-बोलतात, पण आडतीच्या हिशेबाची पट्टी जमत नाही. विमा कंपनीनं मागितलेल्या मेडिकल बोर्डापुढं काय होतं?

गंजगोलाई विचारते:

नमस्कार. थोडं लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

आमचे हे लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम. वय 38, बी.कॉम. झालेले. मागच्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात रात्री दुकान वाढवून घरी येताना रेणापूर नाक्याच्या अलीकडं पिकअपनं मागून उडवलं. हात-पाय शाबूत, खरचटण्यापलीकडं काही नाही. मार सगळा डोक्याला. डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस 9/15’ (म्हणजे शुद्धीचे गुण) आणि ‘बायफ्रंटल कन्ट्यूजन’ (कपाळामागं मेंदूला दोन्ही बाजूंनी मुका मार) लिहिलंय. ऑपरेशन लागलं नाही. वॉर्डात असताना एकदा फिट आली, तेव्हापासून लेव्हेटिरासिटामची गोळी चालू आहे. घरी सोडताना कार्डावर ‘कॉन्शस, ओरिएंटेड, चालत आहे’ असं लिहून दिलं. आता तीच ओळ आमच्या गळ्याला आलीय.

माणूस बघायला ठणठणीत. कोणी आलं की उठून नमस्कार करतात, पाणी-चहा विचारतात, नाव-गाव-तारीख सगळं बरोबर सांगतात. पाव्हणे म्हणतात, देवाच्या कृपेनं वाचले बघा, जसेच्या तसे आहेत. ते उठून गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक.

दुकानावर परत गेले तेव्हा मालकानं पहिल्यासारखंच पट्टीचं काम दिलं. शेतकऱ्याच्या मालाच्या रकमेतून हमाली-तोलाई वजा करायची, तर ह्यांनी ती मिळवली. शेतकरी बिचारा औश्याकडचा, जास्तीचे पैसे परत द्यायला आला म्हणून कळलं. मग दुसरी, तिसरी. ज्या माणसाला आख्ख्या हंगामाचे भाव तोंडपाठ, तो एका पट्टीवर अर्धा तास बसतो आणि मधेच उठून काट्याजवळ जाऊन उभा राहतो. एकदा हमालावर असा ओरडला की तो हमाल रडला. हे आयुष्यात कोणाला अरे म्हणाले नव्हते. मालक भला माणूस आहे. आता गेटवर पोती मोजायला बसवलंय, अर्ध्या पगारावर. घरीही तसंच. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, खोलीभर वास, आणि हे दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. मी आंघोळीला गेले होते, वेळेत बाहेर आले म्हणून आमचं नशीब बलवत्तर म्हणायचं.

एमएसीटीत, म्हणजे मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणात, क्लेम टाकलाय. एका खासगी डॉक्टरांनी 35 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलं होतं. ते डॉक्टर आता साक्षीला यायला टाळाटाळ करायलेत. त्यातच विमा कंपनीच्या वकिलानं अर्ज दिला की अर्जदार नोकरीवर आहे, चालतो-बोलतो, त्याची स्वतंत्र तपासणी मेडिकल बोर्डाकडून, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळाकडून करा. कोर्टानं तसा आदेश द्यायचं ठरवलंय म्हणे, पुढच्या तारखेला निघेल.

मला भीती एकच. दहा मिनिटांत बोर्डाचे डॉक्टर विचारतील, नाव काय, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. हे सगळं फडाफडा सांगतील. झालं, ‘नॉर्मल’. शेजारचे एकजण म्हणायलेत 40 टक्क्यांच्या आत आलं तर क्लेमच जातो. खरंय का? मला आत बसू देतील का? ह्यांना काही सांगून-शिकवून न्यावं का? कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा.

---

माळावरचा लिहितो:

वहिनी, सरळ हिशोब आहे. काही विचारलं की ‘आठवत नाही’ म्हणायचं. 100 मधून 7 वजा करायला सांगतात, मुद्दाम चुकवायचं. माझ्या मावसभावानं तसंच केलं होतं. कंपन्यांना कामून सोडायचं? त्या काय आपल्याला सोडतात का.

---

चाचणीवाली लिहिते:

ताई, वरचा सल्ला आधी डोक्यातून काढा, मग पुढचं वाचा.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मराठवाड्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात बोर्डाकडं आलेल्या डोक्याच्या केसेस बरीच वर्षं तपासल्या, आता खासगीत बसते. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

आम्ही जे तपासतो त्यात काही चाचण्या स्मरणशक्तीच्या वाटतात, पण असतात वेगळ्याच. त्या इतक्या सोप्या असतात की खरोखर मेंदूला मार लागलेला, अगदी घरचा पत्ता विसरणारा माणूससुद्धा त्यात चांगले गुण घेतो. दोनातलं एक चित्र ओळखायचं असेल तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. त्याहूनही कमी आली, तर ह्याला बरोबर उत्तर माहीत होतं आणि ह्यानं ते टाळलं, एवढाच अर्थ निघतो. कोणत्या चाचण्या ते इथं लिहिणार नाही. पण एकदा का रिपोर्टात ‘प्रयत्न अपुरा’ हे शब्द आले, की त्याच रिपोर्टातली खरी कमतरताही कोणी धरत नाही. तुमच्या यजमानांचं खरं नुकसान आहे. त्यावर खोट्याचा रंग चढवला की आहे तेही हातचं जाईल.

आता तुमची भीती. ती अगदी रास्त आहे. नाव, वार, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवा, 100 मधून 7 वजा करा: ही एमएमएसई. 1975 ची, 30 गुणांची. ती प्रामुख्यानं स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी सोयीची. कपाळामागच्या भागाला मार लागलेला बी.कॉम. झालेला मुनीम त्यात 28 घेऊन बाहेर येईल आणि कोणालाच नवल वाटणार नाही. मोका नावाची दुसरी चाचणी जराशी बरी, ती मराठीतही आहे, पण तीही चाळणीच. चाळणीतून माणूस पार झाला म्हणजे तो बरा आहे असं होत नाही.

कवटीच्या आत, डोळ्यांच्या खोबणीवर, हाड खडबडीत असतं. डोकं आदळतं तेव्हा मेंदूचा पुढचा आणि कानशिलामागचा भाग त्या खडबडीवर घासतो. म्हणून कन्ट्यूजन तिथंच जास्त. हा भाग माहिती साठवण्याचा नाही, ती वापरण्याचा आहे. कुठून सुरुवात करायची, आधी काय, मग काय, चूक झाली तर थांबायचं, राग आला तर गिळायचा. बोलणं, चालणं, ओळखी, शिष्टाचार सगळं जागच्या जागी राहतं. पाव्हण्यांना चहा विचारता येतो, पट्टी करता येत नाही. वजाबाकी ते विसरलेले नाहीत. बाजूला काट्याचा आवाज, समोर शेतकरी, मनात मागचा भाव, ह्या सगळ्यात वजाबाकी धरून ठेवणं जमत नाही. आणि तपासणीच्या खोलीत काय असतं? शांतता, एक टेबल, एका वेळी एकच प्रश्न, आणि पुढं काय करायचं ते सांगणारा डॉक्टर. म्हणजे जे काम त्यांचा मेंदू आता करत नाही, ते तिथं डॉक्टरच करून देतो. चांगल्या तपासनिसाला हे माहीत असतं. घाईतल्या तपासनिसाला माहीत असूनही उपयोग नसतो.

म्हणून मागायची ती पूर्ण न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी. ती दहा मिनिटांत होत नाही, दोन-तीन तास जातात, कधी दोन बैठका लागतात. लक्ष किती वेळ टिकतं, दोन गोष्टींमध्ये आलटून-पालटून जाता येतं का, एका मिनिटात किती शब्द सुचतात, यादी पाच वेळा ऐकवल्यावर किती राहते आणि अर्ध्या तासानं किती उरते, मनाला आवर घालता येतो का, हे सगळं वेगवेगळं मोजतात. बंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला आपल्याकडं बरीच वापरतात. तिचे निकष वय, लिंग आणि शिक्षण बघून लावायचे असतात. ही बाब महत्त्वाची. पदवीधर मुनिमाला अशिक्षित माणसाच्या पट्टीनं मोजलं तर तो कायम पासच होणार. रिपोर्टावर सही करणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, नोंदणी क्रमांकासकट.

आणखी एक. तुम्ही दुधाचं सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीनं आख्ख्या पोस्टमधली ती सगळ्यात मोठी गोष्ट. त्यांना वास येतो का, हे कोणी तपासलंय? वासाच्या बारीक नसा नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात, पुढच्या भागाच्या अगदी खालून. कपाळाच्या मारात त्या तुटू शकतात. वॉर्डात कोणी विचारत नाही, पेशंटही सांगत नाही, कारण त्याला जेवण ‘बेचव’ एवढंच कळतं. आज घरी बघा: डोळे मिटायला सांगून एक नाकपुडी बंद, दुसरीजवळ कॉफीची पूड, मग साबण. कांदा किंवा बाम नको, त्यांची झोंबणारी जाणीव वेगळ्या नसेतून जाते, वास न येणाऱ्यालाही ती कळते. (वास गेल्याचं सोंग करणारे नेमके तिथंच सापडतात, अमोनियाही ‘येत नाही’ म्हणतात.) येत नसेल तर ईएनटी किंवा न्यूरोच्या ओपीडीत केसपेपरवर नोंद करून घ्या. आणि घरात गॅस गळती ओळखायचं यंत्र लावा, क्लेमचं काहीही होवो.

शिकवून नेऊ नका. चांगली झोप झालेली असू द्या, पोटात अन्न असू द्या, चष्मा असेल तर चष्मा. गोळी नेहमीच्या वेळेला द्या. ‘आजार जास्त दिसावा’ म्हणून गोळी बंद करून आणलेले पेशंट मी पाहिलेत, त्यातल्या एकाला माझ्या खोलीतच फिट आली. मात्र लेव्हेटिरासिटामनं काही जणांत चिडचिड वाढते. समोरचा वकील ‘राग गोळीचा आहे, अपघाताचा नाही’ म्हणणारच. म्हणून आत्ताच न्यूरोच्या डॉक्टरांना चिडचिडीबद्दल सांगा. त्यांनी गोळी बदलून पाहिली आणि राग तसाच राहिला, तर ते कागदावर येईल. राग गेला तर त्याहून उत्तम, घर तर शांत होईल.

तुम्हाला आत बसू देणार नाहीत, आणि बसूही नये. तुम्ही शेजारी असलात की ते तुमच्याकडं बघून उत्तर देतात. पण नातेवाइकाची स्वतंत्र मुलाखत हा तपासणीचाच भाग आहे. ती झाली नाही तर नम्रपणे मागा. तिथं ‘खूप विसरतात, खूप चिडतात’ म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. पट्टीचं सांगा, हमालाचं सांगा, आणि आधी कसे होते ते सांगा.

---

कोर्टाची पायरी लिहितो:

मॅडमनी डॉक्टरी बाजू सांगितली, मी कागदाची सांगतो. मी वकील आहे, अपघाताचीच कामं करतो, बहुतेक जखमींच्या बाजूनं, आधी काही वर्षं कंपनीच्या बाजूनंही केली.

पहिलं म्हणजे 40 टक्के. तुमच्या शेजाऱ्यांनी दोन गोष्टींची सरमिसळ केलीय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के ही योजना, आरक्षण वगैरेंसाठीची पायरी आहे. मोटार अपघाताच्या क्लेमला अशी कुठलीच पायरी नाही. 10 टक्के असले तरी भरपाई मिळते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायचं तर जरूर काढा, पण त्यावरचा आकडा म्हणजे कोर्टाचा आकडा नव्हे.

उलट आमच्या कामात डॉक्टरांचा टक्का हा नुसता सुरुवातीचा आकडा असतो. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या निकालात हे इतकं स्वच्छ सांगितलंय की कुठल्याही एमएसीटीत तो निकाल रोज निघतो. शरीराचं अपंगत्व किती, हे डॉक्टर सांगणार. त्यानं कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरण ठरवणार. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर कामातून पूर्ण उठू शकतो, पण कारकून तोच हात जाऊनही नोकरीत राहू शकतो. तुमच्याकडं हे उलट्या बाजूनं लागू होतं. हात-पाय साबूत, पण मुनिमाचं हत्यारच गेलं.

त्याच निकालात दुसरंही आहे, ते तुम्हाला झोंबेल. ज्यांनी उपचार केले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार सर्टिफिकेटांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावं, आणि डॉक्टर उलटतपासणीला आल्याशिवाय नुसतं सर्टिफिकेट पुरावा ठरत नाही, असं कोर्टानं म्हटलंय. समाधान झालं नाही तर न्यायाधिकरण बोर्ड नेमू शकतं, हेही तिथंच. त्यामुळं तुमचं 35 टक्क्यांचं सर्टिफिकेट तसंही उभं राहिलं नसतं. बोर्डाला विरोध करण्यात अर्थ नाही. मी तर म्हणेन, कंपनीनं तुमचं काम सोपं केलं. फक्त बोर्ड कसा असावा आणि त्याला काय विचारावं, हे आदेशातच यायला हवं. आदेश मोघम निघाला, ‘अर्जदाराची तपासणी करून टक्केवारी कळवावी’ एवढाच, तर बोर्ड तेवढंच करणार. बोर्डात हाडांचे डॉक्टर असतील तर ते सांधे वाकवून बघतील आणि शून्य लिहितील. त्यात त्यांची चूक नाही.

म्हणून पुढच्या तारखेआधी तुमच्या वकिलांना छोटा अर्ज द्यायला सांगा. बोर्डात न्यूरोसर्जन किंवा न्यूरोफिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ असावेत, न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून तिचा पूर्ण अहवाल जोडावा, आणि ती सोय जिल्हा पातळीवर नसेल तर मेडिकल कॉलेजकडं पाठवावं. आपल्याकडं लातूरला विलासराव देशमुख संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ आहे, संभाजीनगरला घाटी आहे. कुठं काय उपलब्ध आहे, हे वकिलांनी आधी चौकशी करून अर्जात लिहावं, कोर्टावर ढकलू नये. आणि बोर्डाला प्रश्न लिहून द्यावेत: ही कमतरता कायमची आहे का, हिशेबाचं आणि जबाबदारीचं काम हा माणूस करू शकेल का, त्याला देखरेखीची गरज आहे का. टक्का नंतर. उत्तरं ही हवीत.

आकडा एवढा का झोंबतो, ते एकदा मांडूनच दाखवतो. समजा पगार 18,000. वर्षाचे 2,16,000. चाळिशीच्या आतल्या, ठरावीक पगारावरच्या माणसाला भविष्यातली वाढ 40 टक्के धरतात, म्हणजे 3,02,400. वय 38 ला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार गुणायचा आकडा) 15, झाले 45,36,000. आता कमाईचं नुकसान 30 टक्के धरलं तर 13,60,800. 60 धरलं तर 27,21,600. अपघात तोच, माणूस तोच. फरक नुसत्या एका कागदातल्या निष्कर्षाचा. कंपनी बोर्ड कामून मागते, ते आता कळलं असेल. (देखरेखीला माणूस लागत असेल तर त्याचा खर्च वेगळा. 2020 मध्ये डोक्याला मार लागलेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो खर्चही गुणकानंच धरला. तुमची केस तेवढी गंभीर दिसत नाही, पण मुद्दा माहीत असू द्या.)

एक सावधगिरी. बोर्डाचे डॉक्टर तुमचे डॉक्टर नाहीत. तिथं जे बोलाल ते रिपोर्टात येणार, आणि रिपोर्ट समोरच्या वकिलाच्याही हातात जाणार. खोटं बोलू नका, पण गप्पाही मारू नका. ‘परवा मीच गाडीवर निजामाबादला जाऊन आलो’ असली फुशारकी पुरुष मंडळी डॉक्टरांपुढं हमखास मारतात, आणि डोक्याला मार लागलेल्याला तर आपल्याला काही झालंय हेच बऱ्याचदा पटत नसतं.

गाडीवरून आठवलं. फिट येऊन गेलीय ना? मग गाडी चालवू देऊ नका. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिटबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. शिवाय कंपनीचा तपासनीस मोंढ्यात येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून गेला, तर तो व्हिडिओ कोर्टात फिरेल.

---

बिंदुसरा लिहितो:

विषय थोडा बाजूचा आहे. माझे थोरले बंधू एका महामंडळात ड्रायव्हर होते, डोक्याच्या मारानंतर फिट सुरू झाल्या. आधी अनफिट करून घरी बसवायचं चाललं होतं. मग कोणीतरी 2016 च्या कायद्यातलं कलम 20 दाखवलं: सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागतं, पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद. भाऊ आता स्टोअरला बसतात. खासगी दुकानाला हे लागू नाही, म्हणून ताईंच्या कामाचं नाही. पण वाचणाऱ्यांत कोणी सरकारी असेल तर असू द्या.

---

माळावरचा लिहितो:

बरं बाबा, माझं चुकलं म्हणा. पण मावसभावाला पैसे मिळाले होते.

---

चाचणीवाली लिहिते:

मिळालेही असतील. त्यांना खराच मार होता का, एवढंच विचारते.

---

गंजगोलाई लिहिते:

सगळ्यांचे आभार. कॉफीची पूड लावून बघितली. काहीच नाही. साबणही नाही. हे म्हणाले, नाक चोंदलंय. नाक अजिबात चोंदलेलं नव्हतं. मग लसणाची फोडणी दिली आणि विचारलं, आज काय केलंय सांगा बरं. झाकलेल्या कढईकडं बघून ‘पोहे’ म्हणाले. आत कारल्याची भाजी होती. हे हसले, मलाही हसू आलं, आणि मग मी मोरीत जाऊन दोन मिनिटं उभी राहिले. उद्या न्यूरोच्या ओपीडीला जातोय, चिडचिडीचंही सांगते.

मॅडम, एक विचारायचं होतं. अपघाताला वर्ष होत आलं. अजून सुधारणा होऊ शकते म्हणतात. मग आत्ताच बोर्ड झाला तर कायमचं म्हणून धरतील का?

आणि वकीलसाहेब, अर्धा पगार चालू आहे, मग ‘नोकरीवर आहे’ असं कंपनी म्हणायलीय ते खोडायचं कसं? मालकाला मी बोलले. ते साक्षीला यायला तयार आहेत. रोजमेळाच्या वह्या काढून दाखवल्या त्यांनी. अपघाताआधीचं पान बघा आणि नंतरचं बघा. आधी अक्षर छापल्यासारखं, रकमा एकाखाली एक, खाडाखोड औषधालाही नाही. नंतरच्या पानावर रकाना सोडून रकमा, एक आकडा दोनदा, मधेच एका शेतकऱ्याचं नाव तीन ओळींत तीनदा लिहिलेलं. कोणाला सांगायची गरजच नाही. त्याची झेरॉक्स बोर्डाला दिली तर चालेल का?

---

चाचणीवाली लिहिते:

डोक्याच्या मारात बरीचशी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, वर्षभर रेंगाळत चालू राहते, नंतर वेग अगदी कमी होतो. म्हणून कायमचं काय उरलं, ते ठरवायला साधारण वर्षानंतरचीच तपासणी बरी मानतात. तुमची वेळ ठीक आहे. खूप आधी झाली असती तर ‘अजून सुधारेल’ म्हणून परत पाठवलं असतं.

पहिला सीटी आणि त्यानंतरचे सगळे, फिल्म किंवा सीडीसकट न्या, नुसते रिपोर्ट नकोत. जीसीएस 9 म्हणजे मध्यम स्वरूपाचा मार, 9 ते 12 त्यात येतं, हे बोर्डापुढं पहिल्या पानावर असू द्या. डिस्चार्जची ती ओळ शुद्धीबद्दल आहे, डोक्याच्या कामाबद्दल नाही, आणि बोर्डातल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त दोन्ही कागद शेजारी दिसायला हवेत. शेवटचं स्पष्ट काय आठवतं आणि अपघातानंतर पहिलं काय आठवतं, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. त्या मधल्या काळाची लांबी आम्ही नेहमी विचारतो. एमआरआय झालेला नसेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, एसडब्ल्यूआय नावाच्या फोटोत जुने बारीक रक्तस्राव दिसतात, सीटीत ते सुटतात.

वह्यांची पानं मला कोणी आणून दिली असती तर मी अर्धा तास ती बघत बसले असते. एकच शब्द परत परत लिहिला जाणं, ही पुढच्या भागाच्या माराची खूण आहे. झेरॉक्स बोर्डाला जरूर दाखवा.

---

कोर्टाची पायरी लिहितो:

बोर्डाला झेरॉक्स चालेल, पण परस्पर देऊ नका. वकिलांमार्फत कोर्टात दाखल करून, कोर्टाच्या कागदांबरोबर जाऊ द्या. नाहीतर ‘हे कुठून आलं’ म्हणून समोरचा वकील तेवढ्यावरच एक तारीख खाईल. कोर्टापुढं मात्र मूळ वह्या लागतील, आणि त्या मालकानंच साक्षीला येताना आणायच्या. तोपर्यंत दुकानातच राहू द्या, तुम्ही घरी आणू नका.

मालकाच्या प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी याव्यात: आधीचं काम आणि पगार, आत्ताचं काम आणि पगार, आणि आत्ताचं काम का दिलं. ‘माणुसकी म्हणून ठेवलंय, ह्या कामाला मला माणूस लागत नाही’ हे त्यांच्या तोंडून आलं की नोकरीवर असल्याचा मुद्दा निम्मा पडतो. कमाई चालू आहे म्हणजे कमावण्याची क्षमता शाबूत आहे असं होत नाही. पगारपत्रक नसेल तर त्यांच्याच खतावणीत पगाराची नोंद असेल, ती पानंही त्याच दिवशी आणायला सांगा. आणि जास्तीचे पैसे परत द्यायला आलेला तो औश्याकडचा शेतकरी. त्याचं नाव-गाव पट्टीवर असणारच. शोधा त्याला.

---

गंजगोलाई लिहिते:

सापडला. मालकाकडं त्याचा नंबरच होता. गुरुवारी बाजाराला येतो म्हणाला, तेव्हा वकिलांकडं नेते.